सॉनापर्यंतची भिंत

डुलुथ, १८ जून

प्रिय हेल्मी,

झाली गं बाई, भिंत झाली! फोनच करणार होते, पण फोनवर तू मला धड दोन वाक्यं बोलू देत नाहीस, म्हणून कागद घेऊन बसलेय. आता मुकाट्याने वाच. स्वयंपाकघराच्या दारापासून थेट परसातल्या आपल्या सॉनाच्या, त्या वाफेच्या खोपटाच्या, उंबऱ्यापर्यंत सपाट वाट, आणि तिच्या चढाकडच्या अंगाला माती थोपवणारी, गुडघाभर उंच, तीस फूट लांब दगडी भिंत. तुझ्या धाकट्या बहिणीने एकाहत्तराव्या वर्षी, या दोन हातांनी बांधलेली! नाताळात फोनवर म्हणाली होतीस ना, तुझ्या तिरक्या परसात शेळी चालेल, मी नाही? आता तुझा वॉकर खुशाल आण, एकसुद्धा पायरी नाही. तीस तारखेला तू मिनियापोलिसच्या त्या वृद्धांच्या इमारतीत आणखी वर्षभर राहायच्या करारावर सही करणार आहेस. त्याआधी हे पत्र तुझ्या हातात पडायला हवं.

गेल्या सप्टेंबरात सुरुवात केली. खणण्याआधी नियमाप्रमाणे कळवलं, तर एक माणूस येऊन जमिनीखाली गॅसचे आणि पाण्याचे नळ जातात तिथे रंगीत झेंडे रोवून गेला. शेजारचा व्हर्न कुंपणावरून विचारतो, "आयली, कुठल्या निवडणुकीला उभी राहिलीस?" टोमणा मारल्याशिवाय त्याला सकाळची कॉफी पचत नाही. दगड घरचेच, आपल्या परसात बटाट्यांपेक्षा दगडच जास्त निघतात. व्हर्न कानीकपाळी ओरडत होता, सगळ्यात मोठे, सपाट दगड पहिल्या थराला घे आणि तो थर जमिनीत गाड. पण मी कुठली ऐकतेय! इतके देखणे दगड काय मातीत घालायचे? ते मी वर लावले, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतील असे, आणि खाली गवतावरच फुटकळ दगड रचले. एप्रिलमध्ये बर्फ वितळलं आणि भिंतीला हे एवढं पोट सुटलं. व्हर्न शांतपणे म्हणाला, "कितवा महिना?" असा राग आला त्याचा! कारण बरोबर तोच होता.

मग सगळी मोडली आणि मुळापासून धरली. चर खणला, खडी ठोकून ठोकून बसवली आणि ते देखणे दगड एकेक करून गाडले. खरंच जिवावर आलं होतं. वरचा प्रत्येक थर बोटभर मागे, चढावर रेलल्यासारखा. पाठीमागे खडी आणि भोकं पाडलेला पाइप, म्हणजे पाणी तुंबून भिंतीला ढकलत नाही. कंबरेचे टाके ढिले झाले, दोन नखं गेली. पण एखादा दगड नेमका जागेवर बसला ना, की ठक्क असा आवाज येतो, आणि मग तो कितीही हलव, हलत नाही. मी एकटीच टाळ्या पिटायचे, वेडी म्हण हवं तर. मंगळवारी सरोवरावरून असा पाऊस आला की समोरचं दिसेना. मी रेनकोट चढवून परसात! पाइपातून धो धो पाणी, अगदी नितळ, आणि भिंत जागची हलली नाही, हेल्मी! एकाही दगडाने जागा सोडली नाही. व्हर्न छत्री घेऊन आला, भिंतीवर धपकन बसला, दोनदा बुड हलवून बघितलं आणि म्हणाला, "ठीक आहे." त्याच्या तोंडून एवढं निघालं म्हणजे मला पदकच मिळालं.

आता जे सांगायला हे पत्र लिहायला घेतलं ते लिहिते. हेल्मी उतारामुळे घरी येत नाही, असं मी दीड वर्ष सगळ्यांना सांगत फिरले. खोटं आहे ते. उतार मी पुढे केला होता. खुब्याच्या ऑपरेशननंतर तू हॉस्पिटलातून विचारलंस, "आयली, घरी येऊ का?" आणि मी म्हणाले, परस किती तिरकं आहे, पडशील, तिथेच मिनियापोलिसला राहा, तुझं नीट करतील. मी घाबरले होते गं. तुला उठवायचं, न्हाऊ घालायचं, मला झेपेल का, आणि नाही झेपलं तर? तू नुसतं "बरं" म्हणालीस आणि पुन्हा कधी येऊ का म्हणून विचारलं नाहीस. भांडली असतीस तर मी सुटले असते. त्यानंतर दर शनिवारी मी सॉना तापवते, एकटीच बाकावर बसते आणि वाफ अंगावर येते ना येते तोच उठून घरात येते. मी चुकले, हेल्मी. भीती अजूनही वाटते, पण तुझ्याशिवाय राहायची त्याहून जास्त वाटते. सही करू नकोस. घरी ये.

तुझीच,
आयली