सुट्टीच्या वारी चालू असलेला माग

कोल्हापूर,
१२ जानेवारी २०२५

प्रिय तेजस्वी,

सप्रेम जय भीम.

तू इतक्यांदा फोन केलास आणि मी एकदाही उचलला नाही, म्हणून हे पत्र. चाळिशी गाठायच्या आत माणसानं एकदा तरी पोस्टाची पेटी वापरावी. आम्ही इकडे बरे आहोत. प्रीतीचं शाळेत पोरांना आणि घरी नवऱ्याला शिकवणं चालू आहे, घरात गुऱ्हाळावरचा ताजा गूळ आलाय, आणि थंडी यंदा हट्टाला पेटल्यासारखी पडलीय.

तुझा निरोप मिळाला. बाळासो काका कबनूरचं शेड विकतायत. शेवटचा माग महिनाअखेरीला भंगारात जाणार. त्याआधी, अठ्ठावीस तारखेला, पाचव्या अल्बमचं शेवटचं गाणं तिथंच रेकॉर्ड करायचं, आणि पूर्वीसारखं 'एक, दोन, तीन, चार' ओरडून ते मी सुरू करायचं. एवढंच मागितलंयस. माझं उत्तरही एवढंच आहे: जमणार नाही.

कारण नंतर. आधी तुमच्या गाण्यांशी भांडून घेतो. गेले काही दिवस मी घरातच असतो, व्याख्यानं घेतलेली नाहीत, त्यामुळे ऐकायला सवड मिळाली. मी आपला 'धोटा' बँड सोडल्यावर तुम्ही काढलेले दोन्ही अल्बम मी आजवर हट्टानं ऐकले नव्हते. आता ओळीनं ऐकले. पहिल्यापासून.

पहिला लावला आणि मी थेट त्या शेडमध्ये जाऊन पडलो. तू गिटार घेऊन गाणारी, सार्थक ड्रमवर, मी बेसवर. शब्द माझे, गाण्याआधीची आरोळी माझी. तीन कॉर्ड, दोन मिनिटं, शेंबड्या पोरालाही गुणगुणता येईल अशी चाल, आणि तिच्यात काठोकाठ भरलेला राग. परदेशातली पोरं या प्रकाराला पॉप पंक म्हणत होती. बाळासो काका त्याला 'कालवा' म्हणायचे.

ती सुट्टीची सकाळ आठवते? सगळे माग बंद, शेड शांत, आपण भाड्याचे माईक लावून तयार, आणि सार्थकला ताल सापडेना. काकांचं पोरगं ते. बारक्यापणापासून चालू मागांच्या खटखटीवरच वाजवत आलेलं. शांततेत त्याचे हात चाचपडायला लागले.

काका दारातनं म्हणाले, "काय झालं रं?"

"आप्पा, ताल घावंना झालाय."

"मग लावू का एक माग?"

तू कपाळावर हात मारलास. "काका, आवाज नको म्हणून तर सुट्टीच्या वारी आलोय की!"

"मग बसा तसंच, वाती वळत."

आणि त्यांनी कोपऱ्यातला माग सुरू केला. पहिल्या दोन्ही अल्बमच्या बुडाशी तो खटखटतोय. पुण्याच्या एका समीक्षकानं लिहिलं होतं, गिटारखाली या मुलांनी एक नवाच यांत्रिक परिणाम साधला आहे. नवाच! तो माग माझ्याहून वयानं थोरला होता.

दुसऱ्या अल्बमचं नाव 'बोंब' ठेवायचा हट्ट माझा. तो मला आजही मान्य आहे. माझ्या आज्याला गावच्या चावडीपुढनं जाताना खोकायचीसुद्धा चोरी होती. माझा बाप जयंतीच्या स्टेजवर उभा राहिला तेव्हा त्यानं माईकची गरज नाही म्हणून तो बाजूला सारला. मोठा आवाज ही आमच्या घरातली पहिली स्थावर मालमत्ता, तेजू. ती मी तुमच्या बँडमध्ये गुंतवली होती.

म्हणून 'दुपार'ची पहिली चाल तू ऐकवलीस तेव्हा माझं डोकं फिरलं. मी विचारलं, "ही अंगाई कुणासाठी?" तू म्हणालीस, "दमलेल्यांसाठी." मी बेसची वायर उपसली, हातकणंगल्याच्या रस्त्यावर येऊन जयसिंगपूरची एसटी पकडली, आणि कॉलेजात पोरांना इतिहास शिकवायला लागलो. हळू आवाजात मागितलेलं इतिहासात कुणाला मिळालंय, हे मी तेव्हापासून वर्गात विचारतो. अजून कुणी हात वर केलेला नाही.

आता 'दुपार'. वेग निम्म्यावर आलेला. गिटार मागं सरकलीय आणि कीबोर्डचा एक लांब सूर पुढं. तू माईकच्या इतकी जवळ गातेस की आवंढा गिळलेला ऐकू येतो. तीन गाणी मी दात खाऊन ऐकली. चौथ्याला लक्षात आलं, खाली माग नाही. निम्मे माग काकांनी त्याच वर्षी मोडीत काढले होते ना? सार्थक पहिल्यांदाच एकटा वाजवतोय. दिवे गेलेल्या घरात भिंत चाचपत चालावं तसा. तुमची गाणी मऊ पडली असं मी सगळीकडे सांगत फिरलो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

'ओल'मध्ये तर पेठ वडगावच्या बँड पार्टीतला क्लॅरोनेटवाला बसवलाय तुम्ही. वरातीत नाचवणारं ते वाद्य इतकं एकटं वाजू शकतं, ठाऊक नव्हतं. अख्ख्या अल्बममध्ये एकच गाणं जुन्या वेगाचं, आणि तेही मध्येच थांबतं. पूर्वी आपण दम लागला तरी थांबत नव्हतो. तुम्ही थांबता, श्वास घेता, तो श्वास ऐकवता आणि मग पुढं जाता. ते गाणं मी परत परत लावलं. शेवटी प्रीती म्हणाली, "आता त्यांना पण झोपू दे की."

राग तोच आहे, हे कबूल. तो आता खुर्चीवर बसून बोलतोय. तरी माझं मत हललेलं नाही. गाण्याआधी आकडे म्हणायचे तर खणखणीत म्हणावेत. सार्थकला सांग. नाहीतर पहिल्या अल्बममधली माझीच आरोळी कापून इथं चिकटव. ती चांगली आहे. त्यापेक्षा चांगली आता मिळणार नाही.

माझा घसा जरा बसलाय. थंडीचं होतं असं.

तुझा,
आदर्श

ता. क. फोन नकोच करू. खरंच.

---

पुणे,
१८ जानेवारी

आद्या,

फोन करू नको म्हणालास, म्हणून प्रीतीला केला. ती म्हणाली, "कुणाला सांगू नको असं पाटीवर लिहून दाखवलंय त्यानं. पण पाटी मी पुसली." सगळं सांगितलं तिनं. घशातली गाठ, मिरजेचे डॉक्टर, तीन फेब्रुवारीचं ऑपरेशन. स्वरयंत्र पूर्ण काढणार, हेसुद्धा.

ओट्याला धरून रडलो. हो, रडलो. इतकी वर्षं पुण्यात काढली तरी 'रडले' म्हणायला शिकलो नाही. कोल्हापूरच्या पोरी आम्ही. आणि मग राग आला. थंडीचं होतं असं म्हणे!

ती जुनी आरोळी मी चिकटवणार नाही. एकवीस वर्षांच्या पोराची आहे ती. छान आहे, पण या गाण्यात त्या पोराचं काय काम? हे गाणं शेवटचा माग बंद व्हायच्या वेळेचं आहे. ते जो सुरू करील त्यानं त्या शेडमध्ये काहीतरी घालवलेलं असायला पाहिजे.

प्रीतीनं सांगितलं, आवाज अजून आहे. खरखरतो, फुटतो, पण आहे. डॉक्टर म्हणाले, बोलून घ्या काय बोलायचं ते. आणि तू पाटीवर लिहितोयस! का, तर लोकांनी तुझा खणखणीत आवाजच लक्षात ठेवावा म्हणून.

तुला वाटतं आम्ही दोन अल्बम कुजबुजलो म्हणजे हरलो. मी त्या दोन अल्बमांत एवढंच शिकलो, की हळू बोललं तर माणूस जवळ येतो. तुझ्या आज्याला दुसऱ्यांनी गप्प बसवलं होतं. तुला आत्ता कुणी बसवलंय? ऑपरेशनला अजून दोन आठवडे आहेत, आद्या. त्याआधीच कशाला?

घोषणा नको. चार आकडे पाहिजेत. जसे येतील तसे.

अठ्ठावीसला सकाळी शेडवर. काकांना मी फक्त घसा दुखतोय एवढं सांगितलंय. ते म्हणाले, "मग आंबील करून ठिवतो. त्येला म्हणावं ये गुमान." आला नाहीस तर गाण्याच्या सुरुवातीला चार आकड्यांची जागा मोकळी सोडणार. लोकं विचारतील इथं काय होतं. मी तुझा पत्ता देणार.

तेजू

---

कोल्हापूर,
२ फेब्रुवारी २०२५

प्रिय तेजस्वी,

सप्रेम जय भीम.

उद्या पहाटे मिरजेला निघायचं. बॅग भरून झाली. प्रीतीनं नवी पाटी घेतलीय, जुनीपेक्षा मोठी. म्हणते, "तुझी वाक्यं लांब असतात."

त्या दिवशी तू हेडफोन लावून मशीनपाशी बसली होतीस. शेडच्या दुसऱ्या टोकाला काय झालं ते तुला दिसलं नाही, म्हणून सांगतो.

माग सुरू झाला. इतक्या वर्षांनी ती खटखट पायातनं वर चढली. सार्थकनं माझ्याकडं बघून भुवई उडवली, पूर्वी उडवायचा तशी. मी माईकपाशी गेलो. हजार हजार माणसांपुढं उभा राहिलेला माणूस मी, आणि माईकची उंची मी उगाच दोनदा खालीवर केली. 'एक' कसातरी आला. 'दोन' बरा आला. 'तीन'ला आवाज धागा ताणल्यासारखा बारीक झाला आणि फुटला. 'चार' म्हणजे नुसती हवा होती. तेवढ्यावर सार्थकनं काठी मारली, तू गायला लागलीस, आणि गाणं माझ्या अंगावरनं पुढं निघून गेलं.

मी मागाच्या आडोशाला जाऊन उभा राहिलो. शरमेनं, दुसरं काय. तिथं काका होते. ते आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि चालू मागाच्या त्या गदारोळात आवाज अजिबात न काढता नुसते ओठ हलवून म्हणाले, "तीनाला अडकलास."

मला ते कळलं. शब्दन् शब्द. मीही तसंच ओठांनी विचारलं, "तुम्हाला ऐकू आलं?"

"ऐकायचं कशाला? बघितलं की."

काकांना घसा दुखतोय एवढंच तू सांगितलं होतंस. मी सगळं सांगितलं. गाठ, मिरज, ऑपरेशन, नंतर आवाज नाही. सगळं ओठांनी. प्रीतीलासुद्धा मी इतकं सलग सांगू शकलो नव्हतो. काका बघत राहिले. मग त्यांनी शेडभर हात फिरवला आणि म्हणाले, "हितं चाळीस वर्षं कुणी कुणाचा आवाज ऐकलाय? ह्याच शेडात माझं लगीन ठरलं. भांडणं झाली, शिव्या दिल्या, संप केला. समदं ओठावर. काय अडलं न्हाय आमचं."

मी इतिहासाचा मास्तर. चळवळींवर तासन् तास बोललो. पण संप पुकारताना मागाच्या आवाजात घोषणा ऐकू कशी जाणार, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. ती माणसं एकमेकांची तोंडं बघत होती, तेजू. बघितल्याशिवाय त्यांचं बोलणं होतच नव्हतं.

मग त्यांनी मला हातांच्या दोन खुणा पुन्हा करायला लावल्या. आपण पोरपणी त्यांची टिंगल करत शिकलो होतो त्याच. दोन्ही तर्जन्या झटकन बाजूला केल्या की दोरा तुटला. दोन बोटांची चिमूट धरून पिळली की दोरा जोडला, माग सोडा, म्हणजे चालू करा. माझी चिमूट त्यांना पसंत पडेना. "असं न्हाय, पीळ बसला पायजे." तीनदा करून घेतली. तेवढ्यात तुझं गाणं संपलं, तू हात वर केलास, आणि त्यांनी शेवटचा माग बंद केला. शेड एकदम गप्प झालं. त्या शांततेत काका नेहमीसारखे ओरडले, "आंबील गार झाली की रं समद्यांची!" तू दचकलीस, तेवढंच तुला माहीत.

काल तू पाठवलेलं गाणं ऐकलं. तुझा निरोपही वाचला, की 'तीन'मधली ती फूट मशीनवर साफ करता येईल, मला हवी असेल तर. नको. पहिल्या अल्बमला आपण माग साफ केला नव्हता. ही फूटही राहू दे. पहिल्या अल्बमच्या आरोळीनंतर लगेच हे लावून बघितलं मी. आरोळीतला पोरगा सगळ्या जगाशी बोलतोय. हा दुसरा माणूस कुणा एकाशीच बोलतोय, आणि तो एक माणूस वाकून ऐकतोय असं वाटतं. हे तुम्ही कधी शिकलात मला कळलं नाही, कारण मी एसटीत बसलो होतो.

माझं मत बदललं असं समजू नको. मोठ्यानं बोलावंच लागतं, आणि ज्यांचा गळा शाबूत आहे त्यांनी ते काम सोडू नये. तू तर नाहीच. सहाव्या अल्बममध्ये एक तरी बोंब पाहिजे. शब्द मी लिहून देतो. हात चालू आहेत माझे.

आणि दवाखान्यात लगेच भेटायला येऊ नको. दहा-बारा दिवसांनी ये. मी चिमूट पिळून दाखवीन. पीळ नीट बसलाय का, ते काकांना विचारून मला सांग.

तुझा,
आदर्श

जय भीम.

(हे शेवटचं लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणून बघितलं. प्रीती आत कपडे घडी घालत होती. तिथनं ती म्हणाली, "जय भीम." म्हणजे आतल्या खोलीपर्यंत अजून पोचतंय.)