चालतंय तेवढं

चिक्कडपल्ली, हैदराबाद
रविवार

प्रिय शिवा,

तुझा मेसेज काल वाचला. "मी नको म्हटलं तरी अप्पांनी त्या लॉरीत पैसे घातलेच ना?" हो, घातले. पॉवर स्टिअरिंग बसवलं, ड्रायव्हरची सीट बदलली, केबिनला आतून नवं रेक्झिन लावलं. हे फोनवर सांगितलं असतं तर तू मध्येच हिशेब मांडला असतास. शिवाय अप्पांना कमी ऐकू येतं म्हणून आपल्या घरात फोन कायम स्पीकरवर असतो, तेव्हा पत्रच बरं. पुण्याला जाऊन तुला बरीच वर्षं झाली, माझ्या किरट्या अक्षराची सवय सुटली असेल. तरी बायको आहे म्हणून ज्योतीकडून वाचून घेऊ नकोस. सावकाश, तुझा तूच वाच.

तुझं म्हणणं हिशेबाला धरूनच आहे. काम झाल्यावर अप्पांनी ऑटोनगरच्या, जुन्या गाड्या घेणाऱ्या खाजाभाईंना मुद्दाम बोलावून गाडी दाखवली. त्यांनी भोवती एक चक्कर मारली, चाक फिरवून पाहिलं आणि कामाआधी जी किंमत सांगितली होती तीच पुन्हा सांगितली. वर म्हणाले, "अप्पा, पुरानी गाडी में लगाए सो पैसे निकलते नै, तुमीच तो बोलते थे." खरंच आहे, ते वाक्य अप्पांचंच. जुन्या लॉऱ्यांच्या दलालीत त्यांनी जन्म काढला आणि येणाऱ्या प्रत्येकाला हेच सांगितलं, की रंगाचा पैसा परत येतो, इंजिनाचा येत नाही, कारण गिऱ्हाईक डोळ्यांनी घेतं. गौलीगुड्याच्या त्यांच्या ऑफिसात बाकड्यावर बसून तू रस्त्यावरच्या दर लॉरीची किंमत सांगायचास आणि अप्पा ती खाली पाडायचे, आठवतं? एकदा वरात चालली होती तर तू नवरदेवाचीही किंमत सांगितलीस. अप्पा मान वर न करता म्हणाले, "रंग नवा आहे, चेसी बघून घ्या." आई असेपर्यंत प्रत्येक लग्नात हे सांगून हसायची.

तर असा माणूस पडत्या भावाच्या गाडीला स्टिअरिंग का बसवतो, हा तुझा प्रश्न. कारण यादगिरी. आपल्याकडे ड्रायव्हर म्हणून आला तेव्हा नुकतं मिसरूड फुटलं होतं, आता नातू आहे त्याला. गेल्या उन्हाळ्यापासून त्याचा उजवा हात खांद्यातून वर जाईना. उदगीरहून डाळ घेऊन आला की बेगमबाजाराच्या गल्लीत गाडी वळवताना दातओठ खायचा, पण बोलायचा नाही. अप्पांनी ते खाली उभं राहून पाहिलं असणार. काम झालं त्या दिवशी यादगिरी आत येऊन पाटावर बसला आणि म्हणाला, "एक उंगली से फिर रा अक्का, क्या बोलूं." बोटानं हवेत दोनदा फिरवूनही दाखवलं. आणि खाजाभाईंना अप्पांनी दिलेलं उत्तर तीनच शब्दांचं होतं. "बेचना किसको है?"

मला हे आवडलं, शिवा. पण आवडलं म्हणून मी लगेच ते जपून ठेवलं, पुढे कधीतरी त्यांच्यावरच वापरता येईल म्हणून, हेही खरं आहे. तुला माहीत आहे मला ते कशासाठी वापरायचं होतं. कोठीच्या डॉक्टरांनी हृदयाची झडप अरुंद झाली आहे असं सांगितलं त्याला आता दोन महिने होत आले. बदलली तर अप्पांना पुढे चांगली वर्षं आहेत. नाही बदलली तर एखादा हिवाळा, फार तर दोन, असं ते स्पष्ट म्हणाले. आणि अप्पा नको म्हणतात. चिडत नाहीत, घाबरलेलेही दिसत नाहीत. उलट मधल्या काळात त्यांनी नवी कवळी करून घेतली, चष्मा बदलला, पांढरे सदरे शिवले. मी विषय काढला की म्हणतात, "रंग झाला ना त्रिवेणी? आता इंजिन राहू दे." श्रीकांत हसतो. माझा नवरा म्हणून त्याला हसायची मोकळीक आहे. मी हसते आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहते. जिना चढताना ते मधल्या पायरीवर थांबतात आणि भिंतीवरचं मीटर वाचत असल्यासारखं करतात. त्या मीटरचा आकडा त्यांना आता पाठ झाला असेल.

तू मेसेजमध्ये लिहितोस, "हट्टी आहेत, तू समजाव, पैसे मी पाठवतो." पैशांची अडचण नाही हे त्यांनाही माहीत आहे. मी समजावायचा प्रयत्न केला आणि दर वेळी माझ्याच हेतूची शंका आली. त्यांना जगायचं आहे म्हणून मी मागे लागते आहे, की त्यांचा श्वास ऐकत बसण्यातून मला सुटायचं आहे म्हणून? शहात्तराव्या वर्षी छाती उघडून घ्यायची की नाही हे ज्याची छाती त्यानं ठरवावं, असंही मला अनेकदा वाटतं. मनापासून नको असेल तर मी गप्प राहायला शिकेन, असं मी ठरवलं होतं.

आज सकाळी ते अंबाडीची भाजी निवडून देत होते. त्यांनी जुडी हातात घेतली आणि मला राहवलं नाही. म्हटलं, "अप्पा, लॉरीच्या वेळी खाजाभाईंना म्हणालात, बेचना किसको है. मग आम्हाला तरी तुम्हाला कुठे विकायचंय?" वाक्य मनात कितीतरी दिवस घोळवलं होतं. त्यांनी देठ मोडायचं थांबवलं. मला वाटलं, पोचलं. मग अगदी सहज, बाजारभाव सांगावा तसं ते म्हणाले, "तू म्हणणारच. तू जवळ असतेस. मी शिवाला विचारलं होतं. तो हिशेबी आहे, माझ्यासारखा. त्यानं सांगितलं, आता नको." आणि पुन्हा भाजी निवडू लागले. तुझ्यावर राग नव्हता, हे तुला कळायला हवं. थोडा अभिमानच होता, पोराला धंदा कळतो असा.

मी तुझ्यावर एक क्षण फार रागावले आणि मग मला तो फोन आठवला. डॉक्टरांकडून आम्ही आलो ती संध्याकाळ. शिवाला मी सांगतो, असं अप्पाच म्हणाले, म्हणून मी तुला कळवलं नव्हतं. मी कणीक मळत होते आणि त्यांचा फोन बाहेर स्पीकरवर चालू होता. ते तुला म्हणाले, "मोठा खर्च सांगतायत. करावा का? तुझं काय म्हणणं?" एवढंच. कशाचा खर्च ते म्हणालेच नाहीत. स्वतःसाठी काही मागायची वेळ आली की त्यांच्या वाक्यातून नेमकं तेच गळतं. त्याच आठवड्यात ते तुझ्याशी स्टिअरिंगबद्दल बोलले होते. तू तेच धरून चाललास आणि म्हणालास, "अप्पा, आता इतकं जुनं झाल्यावर पैसे कशाला घालायचे? चालतंय तेवढं चालू द्या." मीसुद्धा तेव्हा लॉरीचंच समजले, आणि ते तुला दवाखान्याचं सांगायला विसरले म्हणून दोन दिवसांनी मीच तुला कळवलं. तू "चालते तेवढी चालू द्या" म्हणाला असतास तर त्यांना कळलं असतं की गाडीबद्दल बोलतोयस. पण आपण सगळे घाईत असंच बोलतो, चालतंय, होतंय, बघू. त्यात गाडीही बसते आणि माणूसही. त्या रात्री ते नेहमीसारखे जेवले. दुसऱ्या दिवशी जाऊन स्टिअरिंगचं काम सांगून आले. दुखण्याखुपण्यासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून. त्या पैशांचं दुसरं काही काम उरलं नाही, असं त्यांना वाटलं असणार.

म्हणून हे पत्र. तुझं काही चुकलं असं मला म्हणायचं नाही, आणि तसं वाटून घेऊन तू रात्रभर जागावंस असंही नाही. येत्या नाही, पुढच्या गुरुवारी डॉक्टरांना हो किंवा नाही कळवायचं आहे. त्याआधी ये. फोन नको, इथे येऊन त्यांच्यासमोर बस. "मी लॉरीबद्दल बोललो होतो" हे मात्र सांगू नकोस. ते ताबडतोब म्हणतील, मीही लॉरीचंच विचारत होतो, आणि मग तो दरवाजा कायमचा लागेल. मुलाकडे स्वतःसाठी काही मागितलं होतं हे ते पुन्हा कबूल करणार नाहीत. तू आपण होऊन बोल, त्यांनी कधी विचारलंच नव्हतं असं. काय बोलायचं ते मी लिहून देत नाही, माझं वाक्य तुझ्या तोंडून आलं तर त्यांना लगेच ओळखू येईल. आणि सगळं समजूनही ते नको म्हणाले, तर मी ऐकेन, खरंच ऐकेन. पण तू त्यांना नको म्हणालास असं समजून त्यांनी नको म्हणू नये. तेव्हा मोडकंतोडकं बोल, हैदराबादी बोल, रडू आलं तर रड. फक्त कर्ता गाळू नकोस.

तुझी वाट पाहणारी, तुझीच
अक्का