न ठरलेल्या परदेशगमनाबद्दल हार्दिक अभिनंदन

भीलवाडा, राजस्थान
मंगळवार, १४ जून २००५

तीर्थरूप दाजी यांस,

आकारामचा दोन्ही गुडघे टेकून नमस्कार. (त्यातला डावा अजून सुजलेला हाय. तुमच्या मिरवणुकीत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरनं उतरताना लागलाय तो.) तुमचं पित्त कसं हाय? गौराआक्काची कंबर? आण्णांनी तंबाखू सोडली म्हणून सांगितलंत, ते खरं का माझ्या समाधानासाठी? मी बरा हाय. इथं पत्र्याच्या शेडात असलं ऊन हाय की पाण्याची बाटली चहासारखी लागते, पण त्याची तक्रार न्हाय. सातवी नापास माणसाचं पत्र हाय, चुका पदरात घ्या. राग तेवढा शुद्ध हाय.

आधी काय झालतं ते एकदा सरळ लिहून काढतो, कारण तुम्ही ते सगळ्यांना उलटं सांगितलंय. आमच्या मिलचे मालक आफ्रिकेत टांझानियाला नवी मिल घालतायत. मॅनेजर साहेबांनी बोलवून विचारलं की तीन वर्षं जातोस का, साठ माग तुझ्या हाताखाली, राहायला बंगला, जेवण करायला माणूस. फक्त इथला राजीनामा द्यायचा, कारण ती कंपनी वेगळी. परत आल्यावर बघू म्हणाले. दाजी, ‘बघू’ मी इचलकरंजीत नऊ वर्षं ऐकलाय. शेडला कुलूप लागलं त्या दिवशीबी मालक बघूच म्हणालता. इथं चार वर्षं माग दुरुस्त करून करून मी आत्ता कुठं कायम झालोय. फंड कापतात, क्वार्टर हाय, आजारी पडलो तर पगारी रजा हाय. आणि तरीबी मला जावंसं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. मला एका जागी बूड टेकता येत न्हाय, हे लहानपणापासनं आक्का सांगत आलीय. सकाळी वाटायचं जावं, दुपारी वाटायचं मरू दे. साहेब भला माणूस. म्हणाले, दहा दिवस घरी जा, चार शहाण्या माणसांत बस आणि ठरवून ये. मी त्यांच्याच टेबलावरच्या फोनवरनं तुम्हाला कळवलं की असं असं विचारात हाय, येतोय, बसून बोलू. चार शहाण्यांत मी तुम्हाला पहिलं धरलतं, ही माझी चूक.

स्टेशनावर उतरलो तर हलगी कडाडत होती. मला वाटलं कोण पुढारी आलाय. मी बाजूला होऊन वाट दिली, तर हलगीवाला माझ्याच अंगावर आला. गळ्यात हार, डोक्याला फेटा (तो बांधणाऱ्यानं कानासकट बांधला, म्हणून पुढचा तासभर कोण काय बोललं ते मला ऐकू आलं न्हाय, आणि तेच बरं झालं). ट्रॉलीतनं कळंबा रोडला आपल्या कोपऱ्यावर आलो आणि तो डिजिटल बोर्ड बघितला. पंधरा फुटी. ‘परदेशगमनाबद्दल हार्दिक अभिनंदन.’ माझा फोटो तुमच्या भावाच्या लग्नातला, त्यामुळं माझ्या खांद्यावर कुणाचा तरी तुटका हात हाय. खाली शुभेच्छुक सव्वीस, सगळे गॉगल लावून, त्यात तुमचं डोकं माझ्या दुप्पट. मागं विमान. आणि टांझानियाच्या जागी लंडन! फेटा सुटल्यावर मी विचारलं तर म्हणालात, टांझानिया लिहिलं तर माणसं थांबून विचारत्यात कुठं आलं ते, लंडनला कोण काय विचारत न्हाय. पटलं मला. खरंच कुणी काय विचारलं न्हाय.

संध्याकाळी तालमीत सत्कार. शाल, नारळ, नगरसेवकांचं अर्धा तास भाषण. त्यात मी साता समुद्रापार करवीरनगरीचा झेंडा रोवणार असं ठरलं. (माझ्याकडं झेंडा न्हाय. एक पाना हाय आणि तेलाची बुधली.) मग मला दोन शब्द बोला म्हणाले. माईक हातात घेतला आणि मनाचा हिय्या करून खरं तेच बोललो.

“मंडळी, अजून माझं ठरलेलं न्हाय. मी विचारायला आलोय.”

टाळ्याच टाळ्या. पुढं बसलेला एक म्हातारा डोळे पुसत म्हणाला, एवढा मोठा झाला पण पोराला गर्व न्हाय. तुम्ही माईक काढून घेतलात आणि सांगितलंत की आमचा मेव्हणा आधीपासनंच लाजाळू.

त्यानंतरचे आठ दिवस म्हणजे जेवणं. निरोपाचं जेवण घातल्याशिवाय माणूस पाठवायचा न्हाय ही आपल्याकडची रीत, चांगली हाय. पण जेवलं की माणूस जाणार हे पक्कं होतं, हे मला सहाव्या घरात कळलं. तवर पाच घरचा तांबडा रस्सा पोटात गेलता आणि पाच घरं आत्ता मला ठेवून घ्यायला तयार नव्हती. प्रत्येक ताटाला मी तोच विषय काढायचो, की कायमची नोकरी सोडू का नको. ते म्हणायचे, रस्सा वाढा त्याला. झुंबरबाईनं तिच्या धाकट्या पोराला पुढच्या महिन्यात तिकडं बोलवून घे म्हणून माझ्याकडनं देवासमोर कबूल करून घेतलं. चिमणाबाईनं तीन किलो कांदा-लसूण चटणी दिली, तिच्या भाच्याला पोचवायला. भाचा मस्कतला हाय. मी म्हटलं, काकी, ते वेगळं. म्हणाली, परदेशच हाय की, वाटंतच कुठंतरी असंल. ती चटणी आत्ता माझ्या क्वार्टरात हाय आणि शेजारचा राजस्थानी शिंकून शिंकून बदली मागतोय.

आण्णांचं तर काय लिहू. जन्मदात्याबद्दल वाकडं लिहू नये म्हणतात, म्हणून सरळ लिहितो. माझी माडीवरची खोली त्यांनी मी यायच्या आधीच जेलच्या एका शिपायाला भाड्यानं दिली. तुझं आत्ता तीन वर्षं काय काम म्हणाले. माझ्या खुंटीला त्या शिपायाचा पट्टा, माझ्या कॉटवर त्याची बायको लसूण सोलत बसलेली. तिनंच मला विचारलं, कोण पाहिजे पावणं? मी म्हटलं, कोण न्हाय.

दहा दिवसांत एकानंबी मला विचारलं न्हाय की लेका, तुझ्या मनात काय हाय. मी चुकतोय. एकीनं विचारलं. निघायच्या दिवशी स्टँडवर आक्का डबा हातात देताना हळूच म्हणाली, “तिथं आजारी पडलास तर तुझं कोण हाय रं?”

आणि तुम्ही तिच्यावर खेकसलात. “शुभ कामाला चालल्यावर तोंड उघडायचं तर नीट उघड.”

तिनं डब्याचं झाकण पुन्हा पुन्हा घट्ट केलं. एसटी सुटली. त्यानंतर ती काय बोलणार होती ते मला कळलं न्हाय, आणि दोन दिवसाच्या सगळ्या प्रवासात मी तेवढ्याचाच विचार केला. पुढं रतलामला रेल्वे तीन तास उभी होती, तेव्हा माझं ठरलं.

तर दाजी, कळवायचं ते हे, की मी जात न्हाय. कायमची नोकरी हाय, ती धरून बसतो. रजा संपली की शुक्रवारी कामावर जाऊन साहेबांना तसं सांगतो. तुमची नाचक्की होईल, शुभेच्छुक तोंड फिरवतील, ते मी सोसतो. तेवढा तो बोर्ड उतरवा आणि झुंबरबाईला माझ्या वतीनं समजावून सांगा.

आण्णांना नमस्कार. शिपायाच्या बायकोला म्हणावं, कॉटचा उजवा पाय हलतो, खाली पुठ्ठा घाला.

तुमचा मेव्हणा,
आकाराम

ता. क. १ – पत्र टाकायचं राह्यलं, ते बरं झालं. आज शुक्रवार. आत्ताच साहेबांच्या केबिनमधनं आलो. जात न्हाय म्हणायला तोंड उघडायच्या आतच ते उठून उभे राह्यले आणि हात हातात घेतला. म्हणाले, तुझ्या जीजाजींचा फोन आलता. मी ज्या फोनवरनं बोललो त्याचा नंबर तुम्ही लिहून ठेवलातच की. साहेबांनी पोराचं कल्याण केलं म्हणून तुम्ही त्यांचे आभार मानलेत, आणि पुढच्या महिन्यात त्यांचाबी सत्कार ठेवलाय म्हणून आमंत्रण दिलंत. ते फेटा कसला असतो ते मला विचारत होते.

ता. क. २ – तुमच्या त्या फोनावर माझी जागा सोमवारीच दुसऱ्याला दिली. क्वार्टर महिनाअखेर सोडायची. राजीनाम्याचा कागद टाईप करून तयार होता. मी सही केली. सही एकदम झोकात आली, हे तालमीत सांगा, टाळ्या पडतील. बोर्ड राहू दे.

ता. क. ३ – हे तेवढं आक्काला वाचून दाखवू नका, कागद तिच्याच हातात द्या. जुळवून जुळवून वाचील, वेळ लागू दे.

आक्के, माझं विमान सात तारखेला हाय. त्याच्या आत मला एक कार्ड टाक. ‘जाऊ नको’ एवढंच लिही, दुसरं काय नको. मी जाणारच हाय, आत्ता फिरता येत न्हाय. पण कुणीतरी नको म्हणालतं, असं एक कागदावर असू दे माझ्याजवळ.