गप्प बसण्याचा कोर्स

४ फेब्रुवारी
परदेशी पाहुण्यांशी सौदा कसा करावा, याचा ऑनलाइन कोर्स आज पूर्ण केला. शेवटचे दोन धडे राहिले, पण विषय कळला. समोरचा गप्प बसला की आपणही गप्प बसायचं. आधी बोलेल तो हरला. पुढच्या महिन्यात पाहुणे कुलपांची ऑर्डर ठरवायला येताहेत. बाबा गेल्यानंतरचा कारखान्याचा पहिला मोठा सौदा. भाव तसूभरही खाली आणणार नाही.

७ फेब्रुवारी
सराव. बायकोने विचारलं, प्लंबरला फोन केला का. गप्प बसलो. तीही गप्प बसली. शेवटी मी फोन केला, माळा आवरला आणि मेहुण्याला सुट्टीत महिनाभर राहायला बोलावलं. घरातला सराव धरत नाही.

१५ फेब्रुवारी
केबिनमध्ये बाबांची खुर्ची तशीच आहे. मी स्टुलावर बसतो, कमरेला बरं पडतं. दार लावलं की मागे बसून ते ऐकताहेत असं वाटतं. मी नवं डिझाइन दाखवलं की कुलूप हातात घेऊन बघत राहायचे. एक शब्द नाही. मग मीच म्हणायचो, बदलतो. आज खुर्ची करकरली. पंख्याचा वारा असेल. पंखा बंद होता.

३ मार्च, सकाळी
नवा शर्ट. आज तोंडाला कुलूप.

३ मार्च, दुपारी
म्हातारे साहेब आणि दुभाषी बाई आल्या. दुसरी जागाच नव्हती, साहेब बाबांच्या खुर्चीत बसले. तिथेच घोळ झाला. मी भाव सांगितला. साहेबांनी कुलूप घेतलं, चावी फिरवली, बाबांच्या नावाच्या ठशावरून अंगठा फिरवला आणि गप्प. मीही गप्प. मग त्यांनी नाकाने लांब श्वास सोडला, अगदी बाबांसारखा. मी भाव उतरवला. गप्प. वाहतूक आमच्याकडे म्हणालो. गप्प. तोंडातून निघून गेलं, हवं तर बाबांचा ठसा काढतो, तुमचा लावतो. हे कुणी मागितलंच नव्हतं. दुभाषी बाईंनी दोनदा विचारलं, नक्की ना? सह्या झाल्या. एकंदरीत पकड माझीच होती.

४ मार्च
दुभाषी बाईंना सोडायला गेलो. त्या म्हणाल्या, साहेबांच्या देशात माल मनात भरला की मोठी माणसं थोडा वेळ बोलत नाहीत. तो मान असतो. साहेबांना पहिलाच भाव मंजूर होता. राहिलेल्या दोन धड्यांत हेच असणार.

घरी आईला सांगितलं. ती मटार सोलत होती. म्हणाली, "तुझे बाबा तरी दुसरं काय करायचे? आवडलं की गप्प. नाही आवडलं की कारखाना डोक्यावर घ्यायचे."

माझी डिझाइनं? मी विचारलं.

"इतकं चांगलं केलेलं हा बदलतो कशाला, म्हणून घरी येऊन हळहळायचे."

मग मला का नाही सांगितलं, ते विचारवलं नाही. मटार सोलू लागलो.

२० मार्च
बाबांचा ठसा नसलेलं पहिलं कुलूप तयार होऊन आलं. त्यांच्या खुर्चीसमोर ठेवलं. ठरवलं, आज आधी बोलायचं नाही. बराच वेळ बसलो. खुर्ची करकरलीही नाही. म्हणजे त्यांना आवडलं. आईनेच सांगितलंय, गप्प म्हणजे आवडलं.

तरी मीच आधी बोललो. म्हणालो, बदलतो, बाबा.

आता बदलता येत नाही. सह्या झाल्यात.