माय, तुझ्या ज्वारीवर उगवलेली छत्री

माय, तुझ्या स्वयंपाकघरात मी कुत्र्याच्या छत्र्या उगवल्यात. चुकून नाही, मुद्दाम. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे तुझ्या तोंडावर सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. कपाळाला हात लावायचा असेल तर लाव.

आठवतं का, मी फ्रॉकच्या ओच्यात गिरणा नदीकाठच्या बांधावरची पांढरीशुभ्र छत्री घेऊन दारात उभी आहे आणि तू चुलीपुढून उठतेस. ‘हाई कुत्रानी छत्री शे. मना घरमा नको, फेकी दे!’ माझे हात राखेने घासघासून लाल केलेस. रानातलं काही ओळखल्याशिवाय खाऊ नये, एवढं तुझं खरं होतं. पण ‘मना घर’, माझं घर, हे जे म्हणालीस ना, ते तू गेल्यावरही संपलं नाही. आता इथे मी आणि दादा दोघंच राहतो, आणि मी घरात काही नवीन आणलं की तो तुझं नाव पुढे करतो. पन्नाशी उलटली माझी, माय! या घरात माझं म्हणून काही उगवू शकतं की नाही, एवढंच मला बघायचं होतं.

म्हणून सिरिंज मागवली. आत पाणी, आणि त्यात नीट दिसतही नाहीत असे बीजाणू, म्हणजे छत्रीचं बी. ही रानातली नाही, धिंगरी, बाजारात विकतात ती. दादा म्हणाला, ‘हाई सुई कोनले टोचस तू?’ म्हटलं, ज्वारीला. तो हसत सुटला.

ज्वारी मात्र मी तुझ्या रीतीने भिजवली, आणि तिथेच फसले. उन्हात वाळवायच्या पापडांची, तुझ्या बिबड्यांची ज्वारी आंबूस वास येईपर्यंत उपसायची नाही, हा तुझा कायदा माझ्या हाडात मुरलेला. दिवसचे दिवस भिजत ठेवली, मग बाटल्यांत भरून सुई टोचली. बाटल्यांत बुळबुळीत, हिरवट घाण झाली, वासाने नाक धरावं लागलं. दादाला आयतंच मिळालं. ‘मायनी सांगेल व्हतं ना? फेकी दे बठ्ठं!’ फेकलं. पण तुझ्यापुढे हरले म्हणून नाही, हे लक्षात ठेव. बिबड्यांना आंबणं लागतं, या बियाला तेच मारतं. तुझी रीत इथे चालत नाही, माय, आणि हे मी तुला ठणकावून सांगतेय.

दुसऱ्या खेपेला एकच रात्र भिजवली. दाणा फुटू नये इतपत उकळली आणि तू बिबडे घालायचीस त्याच जुन्या धोतरावर, तुझ्याच बाजेवर सुकवली. बाटल्या कुकरमध्ये भरपूर वेळ वाफवल्या, पार गार होऊ दिल्या. सुई गॅसवर लाल केली, निवू दिली आणि झाकणातून टोचली. मग वाट पाहणं. एका सकाळी दाण्याभोवती सरकीला चिकटलेल्या कापसासारखं पांढरं दिसलं आणि मी एकटीच टाळ्या वाजवल्या! पुढे ते दाणे उकळलेल्या गव्हाच्या काडात मिसळले, पिशव्या भरल्या आणि तू लसणाच्या जुड्या टांगायचीस त्याच खुंट्यांना टांगल्या. पाणी शिंपडत राहिले. पिशव्यांच्या भोकांतून झुपकेच्या झुपके बाहेर आले, माय. बघायला हवी होतीस.

आज काळ्या मसाल्यात रस्सा केला, भाकरी थापल्या. दादा आधी नाक मुरडत बसला, मग खाली मान घालून जेवला आणि पातेल्याकडे बघत म्हणाला, ‘अजून शे का?’ मी वाढलं. जिंकले मी, माय.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, घडी करून धोतराच्या घडीत ठेवीन. दादा केव्हाच हात धुऊन उठला. माझं ताट अजून समोर आहे, रस्सा निवलाय. मघापासून दोनदा घास उचलला आणि दोन्ही वेळा खाली ठेवून हात घासघासून धुऊन आले.