यादीतून काढलेलं नाव

वृंदा,

कुकर झालाय, वरणाला फोडणी दिलीय, पोळ्या डब्यात आहेत. मुलाकडची निफाडची मंडळी आधी घरी आली तर चिवडा वरच्या फळीवर आहे.

मी गंगापूर रोडच्या हॉलवर चाललेय. काल व्हायोलिनच्या क्लासमध्ये आजच्या कार्यक्रमाची यादी लागली, त्यात माझं नाव नव्हतं. गोसावी सरांना विचारलं तर ते गडबडले. म्हणाले, "अहो ताई, तुमच्या मुलीचाच फोन आला होता. मुलाकडची माणसं गाण्यातली आहेत, ती ऐकायला येणार आहेत, आईचं हसं होईल, तिला यंदा बसवू नका, असं म्हणाली. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

मी "हो, हो, माहितीय" म्हटलं. बाहेरच्या माणसासमोर दुसरं काय बोलणार?

तुझ्या वेळी दिवस गेले तेव्हा मी व्हायोलिन माळ्यावर टाकलं. दोन वर्षांपूर्वी तूच ते खाली काढलंस, नव्या तारा आणून दिल्यास. रोज सकाळी "छान वाजतंय, आई" म्हणायचीस. ते तरी खरं होतं का गं?

माझा सूर कुठे हलतो ते मलाही कळतं. तू समोर बसून "आई, या वेळी राहू दे" म्हणाली असतीस, तर मी आपणहून नाव काढलं असतं.

आज सकाळी सरांना फोन करून माझं नाव परत घालायला लावलंय. माझा नंबर सहाच्या सुमारास लागेल. यायचं की नाही, ते तू ठरव.

आई