ताडावरचे दोन ठोके

१७ जानेवारी २०१७, मंगळवार

दुकानात आज डिझाइन कॉलेजची मुलगी आली — दक्षा. अहमदाबादला शिकते. पिशवीत माईक, वायरी, आणि चक्क ताडीचं मडकं! म्हटलं, "पोरी, इथे मोटरी वाइंडिंग करून मिळतात, ताडी मिळत नाही." हसली. नीरेची ताडी कशी होते ते तिला लोकांना ऐकवायचंय. मडक्यात माईक, आणि आत फेस फुटेल तसा पांढऱ्या चादरीवर उजेड लुकलुकणार. असला प्रोजेक्ट! पण आवाजात सारखी घूंऽऽ. "डहाणूत एका मोटरवाल्याचे कान तिखट आहेत, त्याच्याकडे जा, असं सांगितलं मला." कुणी सांगितलं ते विचारायला हवं होतं. स्तुती गोड लागली, राहून गेलं.

घूं तिच्या चार्जरची. दोन मिनिटांचं काम.

१९ जानेवारी

परत आली. हेडफोन माझ्या कानाला लावले. मडक्यातल्या फेसाची बारीक चुरचुर. म्हटलं, "ही दुपारची. ऊन चांगलं चढलंय." तिनं वही पाहिली — साडेबारा! "काका, तुम्ही भूत आहात."

मग सकाळचं लावलं, ताडावरचं. झावळ्यांची सळसळ, कोयता, कुणाची तरी धाप... आणि ठक् ठक्.

हातातली तार हातातच राहिली.

"हे ठोके मधेच येतात, कापून टाकते."

"नको!" एवढ्यानं ओरडलो की शेजारचा पंक्चरवाला मुकेश बघायला आला.

"वर कोण आहे?"

"चिमणदादा. तलासरीकडच्या पाड्यावरचे. खाली कुणी नसतं काका, मडकं कमरेला बांधून स्वतःच उतरतात. तरी ठोकतात. विचारलं तर म्हणे, सवय."

चिमण. माझा मोठा भाऊ. तिला बोललो नाही.

२० जानेवारी

तो ताडावर, मी खाली, दोरानं सोडलेलं मडकं धरायला. मिसरूड फुटायच्या आधीपासून. कोयत्याच्या मुठीनं दोन ठोके, वरून "धरलंस?", खालून "धरलं!" खरं तर माझ्या उत्तराला तो थांबायचाच नाही. दोर सोडून मोकळा. एवढा भरवसा!

नव्व्याण्णवच्या जानेवारीत एका सकाळी मी न सांगता डहाणूच्या एसटीत बसलो. वाइंडिंग शिकायला. सांगितलं असतं तर त्यानं जाऊ दिलं नसतं — तेव्हा तरी तसं वाटलं. त्या सकाळी मडकं खाली पडून फुटलं, हे पुढे बुधीबाई आत्याकडून कळलं. आई गेली तेव्हा तिरडीला एका बाजूला तो, एका बाजूला मी. शब्द नाही. अठरा वर्षं.

दक्षाचं रेकॉर्डिंग मोबाइलवर घेतलंय. ठोके आहेत, "धरलंस?" नाही. तीनदा ऐकलं.

२९ जानेवारी, रविवार

पाड्यावर आज दक्षाची चादर लागणार होती. "याच हं काका! चिमणदादांचा हा शेवटचा हंगाम, गुडघे गेलेत त्यांचे." नवा शर्ट घातला. पाड्याच्या फाट्यापर्यंत बाईक नेली. टपरीवर चहा प्यालो. दुसरा प्यालो. परतलो. तिला कळवलं, अर्जंट मोटर आली.

कसली मोटर नि कसलं काय!

३० जानेवारी

दक्षाचा फोन. पोरंटोरं चादरीवरच्या उजेडाला हात लावून बघत होती म्हणे. बुधीबाईनं मडक्याला नमस्कार केला! मग म्हणाली, "चिमणदादा मात्र सारखे रस्त्याकडे बघत होते. शेवटी विचारलं, 'आला नाही का तो?' मी म्हटलं, कोण? तर म्हणे, 'ज्याच्याकडे तुला पाठवली तो.'"

फोन ठेवला. दिवसभर एकही मोटर उघडली नाही.

३१ जानेवारी

पहाटेच निघालो. ताडाखाली जाऊन उभा राहिलो, हाक मारली नाही. वर कोयता चालता चालता थांबला.

ठक् ठक्.

"धरलंस?"

मी दोन्ही हात वर केले. मडकं मधेच लोंबत होतं, दोर ताणलेला. पूर्वी कधी थांबायचा नाही. आज थांबला.

"धरलं, दादा!"